चकतीखालचा हिरवा रंग

शिवणकाकूंना सायकल चालवता येत नव्हती, पण घरात सायकल होती. आणि तीही साधीसुधी नाही, परदेशी! निदान कंपाउंडर तरी तसं सांगायचे.

कंपाउंडर म्हणजे काकूंचे यजमान. औषधांच्या दुकानात आयुष्यभर पुड्या बांधल्या, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खं इस्पितळ यांच्याच खांद्यावर उभं आहे. रोज सकाळी दाराबाहेर सायकल उभी करून ते ती पुसायचे. हँडलखालच्या नळीवर एक पितळी चकती होती, पंख पसरलेल्या पक्ष्याची. तिच्यावर फुंकर मारून, कापडाने घासून, ती लखलखली की मगच स्वारी कामावर निघायची. "अशी सायकल आता तिकडेसुद्धा मिळत नाही," हे वाक्य शेजाऱ्यांना पाठ झालं होतं.

लग्नानंतर लगेच काकूंनी एकदा म्हटलं होतं, "मलाही शिकवा ना."

"अगं, परदेशी माल आहे. पडलीस तर?"

पडल्यावर काळजी कुणाची, बायकोची की सायकलची, हे काकूंनी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं. त्या शिलाई मशीनवर जाऊन बसल्या आणि पुढे संसारभर पायडल मारायचं ते मशीनचंच.

कंपाउंडर गेले आणि सायकल जिन्याखाली गेली. काकूंनी तिला जुन्या पडद्याचं आवरण शिवलं, तेही नीट माप घेऊन, हँडलपाशी चुण्या घालून. मग इमारतीच्या जिन्याची दुरुस्ती निघाली आणि सगळ्यांना जिन्याखालची अडगळ हलवायला सांगण्यात आलं. काकूंची लेक शाळेत गणित शिकवायची. तिच्या बोलण्यातही उगाच फाफटपसारा नसे.

"आई, एक तर विकू, नाहीतर भंगारात देऊ. घरात आणायची नाही. आपल्यालाच उभं राहायला जागा नाही."

"परदेशी वस्तू भंगारात? बाबा वरून उतरून येतील."

मग लेकीने मोबाइलवर फोटो काढून इकडेतिकडे पाठवले, आणि एका रविवारी डॉक्टर दारात हजर झाले. हे निवृत्त दंतवैद्य. उंच, किडकिडीत, आणि जुन्या सायकली जमवायचं भारी वेड. चहा नको, पाणी नको, थेट जिन्याखाली. आवरण काढलं तसे ते हळूच म्हणाले, "वा! बाई, हिला उजेडात आणू या."

अंगणात सायकल भिंतीला टेकवून उभी केली. डॉक्टरांनी पिशवीतून पान्हा, लोहचुंबक, भिंग आणि दात तपासायचा छोटा आरसा काढला. सीट उपसून काढली, खालच्या नळीत आरसा घातला आणि टॉर्च काकूंच्या हातात दिला. "धरा जरा. आणखी खाली. हं, आता आ करा." मग स्वतःच ओशाळून हसले. "सवय जात नाही हो."

"काय दिसतंय?"

"कीड नाही. म्हणजे गंज आहे, पण वरवरचा. नळी आतून पोखरलेली नाही."

लोहचुंबक प्रत्येक नळीवरून फिरलं. कुठे पडलं नाही, म्हणजे भोकं पुट्टी भरून बुजवलेली नव्हती. नखाने टिचकी मारली की फ्रेम खणखणीत वाजायची. चाक फिरवलं तर मात्र ते पोटात दुखल्यासारखं डुलत डुलत गेलं. पेडलचा दांडा धरून हलवला तर तोही खुळखुळला. डॉक्टर प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगत होते, आणि काकूंना त्यांच्या सांगण्यात गंमत वाटायला लागली होती. गिऱ्हाइकाने आणलेला जुना कोट उलटा करून आपण शिवणी बघतो, हे तसंच तर चाललं होतं.

"आता पाठ सरळ आहे का बघू," म्हणत डॉक्टरांनी एक सुतळी काढली.

"थांबा," काकू म्हणाल्या. "त्या सुतळीने काय मोजणार तुम्ही? ती स्वतःच झोकांड्या खातेय."

त्यांनी घरातून बटणं लावायचा पक्का दोरा आणि मोजपट्टी आणली. मागच्या चाकाच्या एका बाजूला दोरा बांधायचा, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला ताणून आणायचा, आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर बघायचं. डॉक्टरांनी सांगितलं, काकूंनी मोजलं.

"सारखंच आहे," त्या म्हणाल्या. "पाठीची शिवण सरळ."

दोऱ्याचा वळसा सोडायला त्या वाकल्या आणि तिथेच थबकल्या. चकतीच्या कडेला, काळ्या रंगाखाली, दोन बारीक खळगे होते. उसवलेल्या जागी जुन्या टाक्यांची भोकं राहतात, तसे. काकूंच्या डोळ्यांतून टाका सुटत नसे.

"डॉक्टर, इथे आधी दुसरंच काहीतरी लावलेलं होतं. ही चकती नंतरची आहे."

डॉक्टरांनी भिंग लावलं. मग सायकल उलटी करून पेडलच्या सांध्याखालचा भाग पुसला. तिथे ठोकलेला क्रमांक निघाला. त्यांचा चेहरा उतरला. पक्ष्याची खूण असलेल्या त्या परदेशी कंपनीचा क्रमांक सीटखाली असायचा, हा नको तिथे होता आणि ठोकण्याची तऱ्हाही निराळी.

"काकू, वाईट वाटून घेऊ नका," ते जपून म्हणाले, "पण ही सायकल इथलीच आहे. एखाद्या लहान कारखान्यातली. यजमानांना विकणाऱ्याने फसवलं असणार."

लेक दारात उभी होती. ती आईच्या तोंडाकडे बघायला लागली. काकू मात्र सायकलकडेच बघत होत्या. ज्या सायकलला हात लावायची चोरी होती, ती इथलीच?

"चकती काढून बघू?" डॉक्टरांनी विचारलं. "तुमची हरकत नसेल तर."

"काढा."

दोन स्क्रू फिरले, चकती हातात आली. सगळी सायकल काळी होती. चकतीखाली मात्र तेवढ्याच आकाराचा हिरवा रंग होता, कालच लावल्यासारखा ताजा. डॉक्टरांनी आणखी एका आडबाजूला रंग खरवडला. वर काळा, मध्ये हिरवा, तळाशी मूळचा विटकरी. "म्हणजे सायकल हिरवी असताना कुणीतरी चकती लावली आणि नंतर चकती तशीच ठेवून काळा रंग दिला."

काळा रंग लग्नानंतरचा होता. रंग देताना खाली वर्तमानपत्रं काकूंनीच पसरली होती. आणि हिरवी सायकल?

हिरवी सायकल लग्नाआधी त्यांच्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानासमोर उभी राहायची. एक बारीकसा तरुण सारखा विजारी आखूड करून घ्यायला यायचा. एवढ्या विजारी त्याच्याकडे आल्या कुठून, याचं वडिलांना कोडं पडायचं. त्याच्या नखांत हिरवा रंग असायचा. एकदा वडिलांनी कात्री न थांबवता विचारलं होतं, "सायकल कुठली?" आणि तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन म्हणाला होता, "परदेशी." पुढच्या खेपेला सायकलवर पितळेचा पक्षी होता. काकू तेव्हा काजं करत बसल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, धुऊनपुसून आणलीय, म्हणून चमकतेय.

काकू पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या की लेकीने धावत पाणी आणलं.

"कुणी फसवलं नाही हो त्यांना! त्यांनीच फसवलं. आजोबांना तुझ्या. आणि मला." मग हसू ओसरलं. "आणि एकदा म्हटलं ते निभावत बसले बिचारे जन्मभर. त्यापायी मला सायकलवर बसू दिलं नाही, ते वेगळंच." यात राग किती आणि माया किती, त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टर हत्यारं गोळा करत म्हणाले, "मी परदेशी म्हणून घ्यायला आलो होतो, तेव्हा माझ्या संग्रहात ही काही बसत नाही. पण निव्वळ सायकल म्हणून विचाराल तर हिची तब्येत तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे. रिम बदला, थोड्या तारा बदला, सीटचं चामडं गेलंय, ते नवं घाला. ब्रेकच्या सळया चांगल्या आहेत. फ्रेम तर अशी की आणखी एका माणसाचा जन्म निघेल."

"मग मीच चालवते," काकू म्हणाल्या.

"आई! या वयात?"

"माझं वय राहू दे. फ्रेम बघ, सरळ आहे."

सायकल नाक्यावरच्या कारागिराकडे गेली. त्याने रंग विचारला तर काकूंनी हिरवा सांगितला. चकतीही परत बसवून घेतली, त्याच दोन स्क्रूंनी. लेक म्हणाली, "अगं, खोटी आहे ना ती?"

"खोटी आहे. पण माझ्यासाठी लावलेली आहे."

शिकणं मैदानावर झालं. लेकीने मागून सीट धरायची, काकूंनी देवाचं नाव घ्यायचं. एकदा सपशेल आडव्या झाल्या, कोपर सोलवटलं, सलवारीला भोक पडलं. भोक त्यांनी त्याच संध्याकाळी रफू केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर. पुढे एक दिवस लेक मागून ओरडली, "आई, मी केव्हाच सोडलंय!" तेव्हा काकूंना थांबता येत नव्हतं, म्हणून त्या नुसत्या गोल गोल फिरत राहिल्या, तोंडाने "अगं धर, अगं धर" म्हणत, पण चेहरा असा खुललेला की लेकीला मुळीच धरावंसं वाटेना.

डॉक्टरांचा फोन मग अधूनमधून येऊ लागला. "काकू, एक सायकल बघायची आहे. दोरा घेऊन येता?" काकू शिवणकाम आटोपून जायच्या. परवा दोघं एका बंद पडलेल्या छापखान्यात गेले होते. कागदांच्या गठ्ठ्यांमागे एक बायकांची सायकल होती, धुळीने माखलेली. काकूंनी लांबूनच निकाल दिला, "पाठ वाकडी आहे हिची."

"मला नाही वाटत," डॉक्टर म्हणाले.

"माझी नजर आहे."

"माझीही आहे."

दोरा ताणला. मोजपट्टी लावली. दोन्हीकडे अंतर सारखंच. डॉक्टरांनी फक्त खोकल्यासारखं केलं.

"हँडल तिरकं आहे, त्याने चकवलं मला," काकू मान्य करत म्हणाल्या आणि गुडघे टेकून नीट बघायला लागल्या. "बरं, सीट काढा. टॉर्च मी धरते. आणि तिकडे कोपऱ्यात ते दुसरं चाक कुणाचं दिसतंय?"