चिंधी बांध, उपटू नको

मी तापट बाई. माझं चुकलं, हे माझ्या तोंडून सहसा निघत नाही. पण लग्न होऊन देऊळगाव राजाजवळच्या आमच्या गावात आले, त्या पहिल्याच हंगामात मी जे करून ठेवलं ते कबूल करावंच लागतं.

आमच्याकडे मिरचीचं बियाणं तयार करतात. नराच्या ओळीतल्या फुलांचा पराग मादीच्या फुलांना हातानं लावायचा, आणि बी फक्त मादीचं घ्यायचं. सासूबाईंनी मला वेगळी दिसणारी झाडं, म्हणजे भेसळ, उपटायला पाठवलं. "नराच्या ओळीले हात लावू नको," असं बजावलंही होतं. नराची ओळ कोणती ते न विचारताच मी कंबर कसून शिरले. दिसलं वेगळं पान की उपट. दुपारपर्यंत नराची अख्खी ओळ बांधावर पडली होती. सासूबाई ती झाडं एकेक उचलून बघू लागल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हंगामात त्या प्लॉटात बी धरलंच नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून माझ्या हातात दिल्या. "संशय आला तं चिंधी बांध. उपटू नको. उपटाचं मी पाहीन." तेव्हापासून आमच्या शेतात हाच कायदा आहे.

आता गावातल्या बियाणं पिकवणाऱ्यांच्या गटाच्या नोंदी मी ठेवते. कोणाच्या शेतात कोणती मादी, कोणता नर, सगळं कॉम्प्युटरवर. ही नोंद गेली तर कंपनी बियाणं घेत नाही, आणि गावाचा हंगाम मातीत जातो. यंदा सॉफ्टवेअरमधले माझे दीर पुण्याहून आले आणि नोंदी साफ करायला एआय एजंट बसवून दिला. म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच्या डोक्यानं उरकणारा कॉम्प्युटरमधला गडी. वाचतो, जुळवतो, दुरुस्त करतो, आणि पुसतोही.

"पुसाचं त्याच्या हातात काऊन दिलं, भावजी?"

"वहिनी, न विचारता पुसू नको, असं त्याला लिहून दिलंय."

"सांगितलं तं मलेही होतं."

ते हसले. मी हसले नाही. "पुसाचं बटणच काढून घ्या. त्याले एक रकाना द्या चिंधीचा. संशय आला की तिथं खूण कर अन् कारण लिही, म्हणा. पुसाचं मी पाहीन, माझ्या पासवर्डनं."

"मग दर वेळी तुम्हालाच बघत बसावं लागेल. इतकी भीती कशाची?"

भीती म्हटल्यावर माझं डोकं सणकलं. "दुधानं तोंड पोळलं आहे माझं. मी ताकही फुंकूनच पिणार." भावजींनी तोंड वाकडं केलं, पण बटण काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन दोघं स्क्रीनपुढे बसलो. खुणाच खुणा. एक सोडून प्रत्येकीपुढे एकच कारण: "बियाणे उत्पादन शून्य. नोंद निरुपयोगी." मी दोन-चार ओळी वाचल्या आणि हसत सुटले. पठ्ठ्यानं गावातले सगळेच्या सगळे नर निवडले होते. नर बी देत नाही, म्हणून निरुपयोगी. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. ती एक वेगळी खूण मात्र बरोबर होती, एका शेतकऱ्याची नोंद दोनदा झाली होती. ती मी माझ्या हातानं पुसली.

भावजींचा चहा गार झाला. "बटण असतं तर..." ते पुटपुटले.

"सगळे नर बांधावर," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी आळीभर मिरवले. गटाच्या बैठकीत भावजींनी स्वतः उभं राहून सांगितलं, की पुण्याला गेल्यावर ऑफिसातल्या एजंटच्या हातचं बटण आधी काढतो. माझी छाती अशी फुगली म्हणता.

संध्याकाळी सगळं सासूबाईंना सांगितलं. आता त्यांच्यानं शेतात येणं होत नाही, पण खबर सगळी लागते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग हाकललं का त्याले?"

"नाही. चिंध्या बांधून राह्यला."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "तुले तरी कुठं हाकललं व्हतं."