इश्कावर बोलणारे काळे सर

आमच्या केजच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी साठतात, जुन्या उत्तरपत्रिका आणि काळे सरांचे किस्से. उत्तरपत्रिका निदान रद्दीत तरी जातात.

सर मराठीचे. त्यांचा आवडता शब्द एकच, इश्क. मी रुजू झालो त्या दिवशी नाव विचारायच्या आधी त्यांनी मला त्याची व्युत्पत्ती ऐकवली. "अरबीतून फारसीत, फारसीतून निजामाच्या मुलखात. मुळात हे एका वेलीचं नाव म्हणतात. ती झाडाला विळखा घालते, झाड वाळतं. इश्कात माणसाचा 'मी' असाच वाळून जातो!" मी भारावलो. नवा होतो ना.

*

शिपाई अंकुशमामांच्या घरी शेळ्या. चहा ठेवता ठेवता त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "सर, ही तर अमरवेल. आमच्या बोरीवर लई हाय. फांदीसकट तोडावी लागती, न्हाईतर सगळं झाड खाती."

"तुला त्यातलं तत्त्वज्ञान कळायचं नाही," सर म्हणाले. मामा रिकामे कप उचलून गेले.

*

आमचे हेडक्लार्क वारले. शोकसभेत सर उठले आणि पंधरा मिनिटं इश्कावर बोलले. जीव कसा झुरतो, भान कसं हरपतं. पुढच्या रांगेत हेडक्लार्कच्या बायकोनं डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला आणि जावेला विचारलं, "आमच्या ह्यांचं भाईर काही होतं का गं?"

*

एकदा सर डबा घरी विसरले. वहिनी भर उन्हात चालत घेऊन आल्या. सर फळ्यावर तोच शब्द लिहीत होते. त्यांनी हातानंच खूण केली, ठेव तिथं.

"वहिनींना सांगितलीत का व्युत्पत्ती?" मी नंतर विचारलं.

"तिला काय करायचीय?" भाजीत मीठ कमी पडलं होतं, ते मात्र त्यांनी लगेच फोन करून सांगितलं.

*

यंदा त्यांच्या मुलीनं, रेवतीनं, नांदूरघाटच्या एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा तलाठी, घर बौद्ध. सरांनी तिचा फोन काढून घेतला, तशी ती मैत्रिणीकडे निघून गेली. नोंदणी लग्नाच्या दिवशी सर हरकतीचा अर्ज घेऊन बीडला निघाले आणि सोबत मलाही ओढलं.

जीपमध्ये मी म्हणालो, "सर, इश्काचं काय मग?"

"ते साहित्यात," सर म्हणाले. मला त्यांची किळस आली. तरी उतरलो नाही, हेही सांगायला हवं.

विवाह नोंदणी कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. "मुलगी सज्ञान हाय. आधीचं लग्न झालेलं न्हाई. मग हरकत कशाची?"

"तो आपल्यातला नाही."

"त्याला कायद्यात जागा न्हाई, सर."

सर तणतणत वळले. मागच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या, हातात आधार कार्ड.

"तू हितं कावून आलीस?"

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "एक साक्षीदार कमी पडत हुता," म्हणाल्या.