रेघेपलीकडं हातभर

“ए फक्कीवाल्या! तू चुना टाकायचा अन् बाजूला उभं राहायचं. तुला कुणी विचारलं?”

औशाच्या मैदानावर, सगळ्यांदेखत. बोलणारे स्पर्धेचे अध्यक्ष, आप्पासाहेब. मंडप त्यांचा, ढाल त्यांची, आमच्या पोरांसमोरचा संघही त्यांचाच. वयानं माझ्या लेकाएवढे.

मी तिसरी नापास. पण फुटबॉलच्या मैदानावर फक्की मारण्यात केस पिकले. दोरी ताणायची, चुना सोडायचा, चार बोटं रुंद रेघ. गोल कधी धरायचा, हे एका म्हाताऱ्या पंचानं मला तिथंच वाकून शिकवलं. चेंडू सगळाच्या सगळा रेघेपलीकडं गेला पाहिजे. अर्धा गेला, न्हाई. पलीकडं टेकला पण पोट रेघेवर लोंबतंय, तरी न्हाई.

मागल्या साली आमच्या भीमनगरच्या पोरांचा गोल मीच मोडला. पंचानं विचारलं, मी म्हणालो, चेंडू रेघेवर होता. पोरं हरली. महिनाभर वस्तीत मला कुणी चहा विचारला न्हाई. तवा याच आप्पासाहेबांनी पाठ थोपटली होती. “म्हातारा इमानदार हाय.”

औंदा शेवटचा सामना. बरोबरी. आमच्या पोराचा फटका वरच्या दांड्याला लागला, चेंडू खाली आपटला अन् बाहेर उडाला. पंच गोंधळला. मंडपाकडं बघाया लागला. मी गेलो. रेघ जशीच्या तशी, चुन्याचा कण हललेला न्हाई. तिच्या पलीकडं हातभर अंतरावर ओल्या मातीत गोल वण. सकाळी तिथं पाणी मीच मारलं होतं.

“साहेब, हे बघा. गोल हाय.”

तवा आप्पासाहेब आले. तवा ते फक्कीवाल्याचं बोलले. अन् बुटानं वण पुसला. रेघही पुसली.

“आता दाखव.”

मंडप हसला. आतून कुणीतरी वरडलं, “यांना गोलातबी सवलत पाहिजे!”

पंचानं मान खाली घातली. गोल दिला न्हाई.

“चल, रेघ मार. खेळ थांबलाय.” आप्पासाहेब म्हणाले.

माझा हात घमेल्याकडं गेला. सवय. बाप जन्मभर ‘जी मालक’ म्हणत वाकला, ती सवय. हात चुन्यात गेला अन् मला माझीच लाज वाटली.

“न्हाई मारत.”

“काय म्हणालास?”

“गोल द्या. मग मारतो.”

घमेलं उचललं, निघालो. त्यांनी दुसरा माणूस बोलावला. त्यानं वाकडी रेघ मारली अन् त्यांचा संघ जिंकला.

मी गोल न्हाई म्हणालो तवा माझा डोळा खरा. गोल हाय म्हणालो तवा माझी जात दिसली.

माझं काम गेलं. जाऊ द्या. पुढल्या साली मी तिथं जाणार हाय. फक्की मारायला न्हाई. गोलाच्या खांबापाशी उभा राहणार. पलीकडं गेला तर गोल, न्हाई गेला तर न्हाई. कुणाचाबी असो, मोठ्यानं सांगणार. पुसायला बूट आला, तर वणावर आधी माझा हात असंल. हात तुडवा. वण पुसू देणार न्हाई.