बंडूला फिरवणारे भाऊजी

भाऊजी गेल्याचा फोन ताईनंच केला. सकाळची वेळ होती, पापडी गावातल्या माझ्या घरात मी नुकतंच चहाचं आधण ठेवलं होतं. "सुधा, हे गेले गं... झोपेतच," ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत पुढे, "आणि बंडू दाराशी उभाय. त्याला आता खाली कोण नेणार?" मी तिच्या बोळिंजच्या घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग पडला होता आणि त्या ढिगाशेजारी भाऊजींचा तपकिरी कुत्रा निमूट बसून होता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले आणि माझ्या थोरल्या बहिणीपुढे एकच प्रश्न उरला... बंडूला ठेवायचं की देऊन टाकायचं. भाचा पुण्याहून रोज फोनवर सांगत होता, "आई, तुझे गुडघे बघ आणि कुत्रा देऊन टाक." सांडोर गावचे एक ओळखीचे बागायतदार वाडीवाले न्यायला तयारही होते. पण ताईचं काही ठरत नव्हतं.

मला भाऊजी आवडत नसत. ते हयात असताना मी हे लपवलं नाही, मग आता कशाला लपवू? पण त्यांच्या सोसायटीत माझं मत कुणाला पटायचं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण बंडूच्याच गोष्टी सांगत होता. लिफ्टमध्ये आधीच कुणी असलं तर भाऊजी पुढच्या फेरीची वाट बघत. दोरी नेहमी आखूड धरत, स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालत आणि कुत्र्याला आत ठेवत. खिशात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, हातात पाण्याची बाटली. बंडूनं कुणाच्या गाडीच्या चाकावर पाय वर केलाच, तर चाक धुतल्याशिवाय हा माणूस तिथून हलत नसे. तिसऱ्या मजल्यावरची एक लहान मुलगी कुत्र्याला घाबरायची, ती दिसली की ते बंडूचं तोंड भिंतीकडे करून मध्ये उभे राहायचे. त्या मुलीची आई डोळे पुसत मला म्हणाली, "काकी, इतका कन्सिडरेट माणूस मी बघितला नाही हो. सगळ्यांची काळजी." मी हो म्हटलं. माझ्या बहिणीचा त्या सगळ्यांमध्ये समावेश नव्हता, हे अशा वेळी कुणाला सांगणार?

एका एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. संध्याकाळी खाली उतरल्यावर भाऊजी वाकले आणि त्यांनी उलटा हात डांबरावर टेकवून बघितला. "अजून तापलंय. याचे तळवे भाजतील," म्हणाले आणि बंडूला घेऊन सावलीत थांबले. मला खरंच कौतुक वाटलं. मग दोनच दिवसांनी आम्ही तिघं भर दुपारी बाजारात गेलो आणि ताईच्या चपलेचा अंगठा तुटला. भाऊजी नेहमीसारखे पुढे होते. ते लग्नापासून पुढेच चालायचे, ताई पिशव्या सावरत मागून. मी हाका मारल्या तेव्हा त्यांनी मान वळवली, तुटकी चप्पल बघितली आणि म्हणाले, "घरातून निघताना बघायला काय झालं होतं?" आणि चालू लागले. ताई एक पाय अनवाणी टाकत घरापर्यंत आली. रात्री तिच्या तळव्याला मी खोबरेल लावत होते आणि बाहेर भाऊजी बंडूच्या पंजांना तूप चोळत होते. त्या रात्री मला त्या माणसाचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

नंतर एका लग्नात मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊजी, ताईच्याही गळ्यात एक पट्टा बांधा, म्हणजे तिलाही बरोबर घेऊन चालाल." ते मोठ्यानं हसले. ताईनं मात्र माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला. नवऱ्याशी तिनं कधी धरला नाही. बोलणं निघालंच तर म्हणायची, "अगं, त्यांना नाही जमत असलं. स्वभावच नाही तो. मनात असतं, पण दाखवता येत नाही." याच वाक्यावर तिनं संसार केला. मीही पुढे पुढे वाद घालणं सोडलं. एखाद्याला नाही येत, तर नाही येत...

गेल्या आठवड्यात वाडीवाल्यांचा निरोप आला की उद्या टेम्पो पाठवतो. संध्याकाळी ताई म्हणाली, "शेवटचं आपणच फिरवून आणू." लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्यानं निघालो. ताई कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. मी दोरी धरून पुढे, आणि प्रत्येक वळणावर बंडू थांबायचा, भिंतीला अंग लावून मागे वळून ताईकडे बघत राहायचा. मी ओढलं तरी हलेना. ती जवळ आली की मगच पुढची पायरी. रस्त्यावरही तेच. "ताई, ठेव गं याला," मी म्हटलं, "बघ, कसा थांबतोय तुझ्यासाठी!"

ताई कट्ट्यावर बसली. बंडूही तिच्या पायाशी बसला. "कुत्र्याला हे आपोआप येतं का गं?" तिनं विचारलं.

"नाही. भाऊजींनीच शिकवलंय. पिल्लू असताना याच जिन्यावर किती दिवस घालवले होते, मी तेव्हा इथे आले होते, बघितलंय ना; तू वर स्वयंपाकात असायचीस. माणूस मागे राहिला की थांबायचं, वळून बघायचं."

ताईनं बंडूकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे त्यांना येत होतं."

सकाळी टेम्पो आला तेव्हा तिनं बंडूचा पट्टा, वाडगा, अंगावरचं पांघरूण सगळं एका पिशवीत भरून दिलं आणि टेम्पो निघायच्या आत दार लावून घेतलं.

काल वाडीवाल्यांचा मला फोन आला होता. कुत्रा मजेत आहे, म्हणाले. बागेत त्यांची म्हातारी आई केळीला पाणी द्यायला जाते, तिच्या पुढे पुढे चालतो आणि ती मागे राहिली की वाटेत थांबून तिच्याकडे बघत बसतो. "लय गुनी हाय. कोनी शिकवला याला? तुमच्या ताईला पन सांगा, खूश होईल." सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.