श्रीखंडानंतरची मुलतानी

वाळ्याच्या अत्तराचा वास आला की मला मुंबईतली ती दुपारची बैठक आठवते आणि अजून कानशिलं तापतात. ठाण्याच्या कचेरीतल्या आम्हा गाणंवेड्यांचा रिवाज असा, की मुंबईत जो गाणं ऐकून येईल त्याने शनिवारी संध्याकाळी तळ्याकाठच्या देवळात ते बाकीच्यांना जमेल तसं गुणगुणून सांगायचं. मी मात्र यजमानांचं श्रीखंड चापून लोडाला टेकलो, आणि बुवांनी मुलतानी राग सुरू करताच गाढ झोपलो. हे चारचौघांत कबूल कसं करणार? शनिवारी मनच्याच ताना रचून दाखवत होतो, तोच आमच्यातले थोरले वकील येऊन बसले. “मीही होतो त्या बैठकीला. चालू द्या,” म्हणाले. कसंबसं संपवलं, तर ते मान डोलावून म्हणाले, “अगदी अस्संच गायले!” निघताना त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. “उपकार झाले हो तुमचे. माझा डोळा लागला तो पानसुपारीलाच उघडला. आता घरी सांगायला काहीतरी झालं.” तळ्यावरचा वारा मला तेव्हा कुठे जाणवला. आजही कोणी मैफल फारच रंगवून सांगू लागला, की मी आधी विचारतो, “जेवायला काय होतं?”