शेवंतीच्या गायीचा नाताळ

देवबागला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मध्ये जी वाळूची पट्टी उरते तिच्यावर माड, होड्या आणि माणसं. जागाच इतकी अरुंद की शेजाऱ्याशी भांडून लांब जाऊन बसायची सोय नाही. शेवंती मयेकर लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला कळलं की आपल्या घराला एकच अगदी लागून शेजार आहे आणि तो ख्रिस्ती आहे.

शेवंतीचा नवरा भिकाजी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. पावसाळ्याचे महिने सोडले तर तो घरी नसे. सासू होती, पण तीही लवकरच वारली. जाताना ती सुनेसाठी घर, मोगरी नावाची गाय आणि ख्रिस्ती लोकांविषयीची माहिती मागे ठेवून गेली.

ती माहिती अशी: ख्रिस्ती लोक तुपाच्या जागी डुकराची चरबी वापरतात. भाजीत, भाकरीत, इतकंच काय, चहातसुद्धा. ती एकदा पोटात गेली की माणूस बाटतो, पण एकदम नाही, हळूहळू. आधी सकाळची अंघोळ नकोशी वाटते, मग तुळशीला पाणी घालायचा विसर पडतो आणि शेवटी माणूस झोपेत पोर्तुगीज बोलायला लागतो. सासूच्या माहेरी एकाचं तसं झालं होतं. त्याचं नाव मात्र सासूला कधी आठवलं नाही.

कुंपणापलीकडे पिएदाद फर्नांडिस राहायची. तिचा नवरा मॅन्युएल बोटीवर कुक होता. मुंबईहून बोट सुटली की मग तो कुठल्या बंदरात आहे हे पत्र येईल तेव्हाच कळायचं. पिएदादचं माहेर गोव्यात, बार्देशात. तिलाही लग्नाआधीच तिच्या रोझा नावाच्या आत्याने हिंदूंविषयी सावध करून ठेवलं होतं. हिंदूंचा देव नैवेद्य खायला एकटा बसत नाही, त्याच्या पंगतीला देवचार म्हणजे भुतं असतात. मग उरलेला प्रसाद ख्रिस्ती माणसाने खाल्ला तर एखादा देवचार त्याच्या पोटात उतरतो, आणि त्या माणसाच्या हातात जपमाळ ठरत नाही.

एवढं सोडलं तर दोघींचं उत्तम चाललं होतं. नवरे पाण्यावर आणि बायका वाळूवर, त्यामुळे बोलायला विषय पुष्कळ. शेवंतीला एकदा सडकून ताप भरला तेव्हा पिएदादनेच भर उन्हात मालवणला जाऊन औषध आणलं. औषध घ्यायला शेवंतीने काही हरकत घेतली नाही, कारण बाटली डॉक्टरची होती.

शेवंतीच्या इथल्या पहिल्याच नाताळात पिएदादकडून ताट आलं. क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल वर, आणि खाली करंज्यांसारख्या नेवऱ्या आणि दोदोलाच्या चौकोनी वड्या. नारळाचा रस, काळा गूळ आणि तांदळाचं पीठ तासन्‌तास ढवळून केलेला तो तुकतुकीत काळा पदार्थ. शेवंतीने ताट हसतमुखाने घेतलं. दारात आलेल्या शेजारणीला नको म्हणायचं कसं? तिने दार लोटलं, मागच्या दाराने गोठ्यात गेली आणि सगळं मोगरीपुढे ठेवलं. गायीला कोण बाटवणार, असा तिचा हिशेब.

मोगरीने ताट चाटून लख्ख केलं.

दुसऱ्या दिवशी पिएदादने कुंपणावरून विचारलं, की दोदोल कसा झाला होता. शेवंतीला खोटं बोलणं जमत नसे, म्हणून तिने गोठ्यात पाहिलेलं तेच सांगितलं.

"मऊ झालेलो गो. तोंडात घातलो आणि गेलो."

तोंड कोणाचं, हे पिएदादने विचारलं नाही. एवढी स्तुती तिच्या माहेरीही कोणी केली नव्हती. पुढच्या नाताळात ताटाऐवजी परात आली.

इकडे चतुर्थीला शेवंतीने मोदक आणि करंज्या पलीकडे धाडल्या. पिएदादने डबा कपाळाला लावून घेतला आणि परसात जाऊन कोंबड्यांपुढे रिकामा केला. मोदक कसे होते, या प्रश्नावर तिनेही सत्यच सांगितलं, की एकसुद्धा उरला नाही. शेवंती खूश झाली आणि दर वर्षी मोदकांची संख्या वाढवत गेली. पिएदादचा कोंबडा चतुर्थीच्या सकाळपासून कुंपणाकडे तोंड करून उभा राहू लागला. त्यालासुद्धा आरतीची ओढ आहे, असं शेवंती कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

हे कितीतरी वर्षं सुखाने चाललं. बिघडलं ते मोगरीमुळे.

अठ्ठावन्न सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी पिएदादच्या अंगणात तांब्याच्या काहिलीत दोदोल शिजत होता. ती आणि तिच्या नात्यातल्या दोघी बायका आळीपाळीने ढवळत होत्या. पहिला घाणा ताटात थापून, वर रुमाल टाकून, बाकावर निवत ठेवला होता. नारळ आणि गुळाचा वास वाऱ्याबरोबर गोठ्यात गेला. मोगरीने दावं तोडलं, माडाच्या झावळ्यांचं कुंपण छातीने आडवं केलं आणि ती सरळ पिएदादच्या अंगणात आली. वाटेत गवताची पेंढी होती, केळीचा सोट पडला होता. त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही. ती बाकापाशी थांबली, नाकाने रुमालाचं टोक उचललं, सराईतपणे बाजूला सारलं आणि कोपऱ्यापासून खायला सुरुवात केली.

शेवंती दावं घेऊन धावत आली तेव्हा निम्मं ताट संपलं होतं. पिएदाद गायीला हाकलत नव्हती. हातातला ढवळायचा दांडा तसाच धरून ती नुसती बघत होती.

"शेवंते," ती म्हणाली, "हिका फडको उचलूक कोणी शिकवल्यान गो?"

शेवंतीने गायीच्या गळ्यात दावं अडकवलं आणि मान खाली घालून घरी गेली.

त्या नाताळात ताट आलं नाही. मोगरी दिवसभर पडलेल्या कुंपणाशी उभी राहून हंबरत होती आणि शेवंतीला वाटत होतं की ती सगळ्या वाडीला काय ते सांगते आहे. पिएदाद अंगणात आली की शेवंती आत जाई. शेवंती बाहेर आली की पिएदाद. पिएदाद फार दुखावली आहे असं शेवंतीला वाटे. खरं तर पिएदाद कोंबड्यांच्या विचाराने तोंड चुकवत होती.

शेवटी शेवंतीनेच मनाचा हिय्या केला. आपण दोदोल खायचा, तिच्यासमोर बसून खायचा, मग काय व्हायचं ते होवो. तिने अंघोळ केली. तुळशीला रोजच्यापेक्षा दोन तांबे जास्त पाणी घातलं. पुढे विसर पडला तर निदान आजचं तरी पडलेलं असावं. मग जानकी मयेकरला, म्हणजे तिच्या चुलतजावेला, गाठून सांगून ठेवलं की उद्या सकाळी येऊन जरा माझ्याशी चार शब्द बोलून बघ. भलतीच भाषा बोलले तर भिकाजीला तार कर.

पिएदाद ओट्यावर बसली होती. शेवंती तिच्यापुढे पाटावर बसली आणि म्हणाली, "दोदोल आसा तर हाड. मी खातंय."

पिएदादने वडी आणून दिली. शेवंतीने ती हातात धरली, उलटीसुलटी केली, आणि वर्षानुवर्षं मनात असलेलं एकदाचं विचारलं, की ह्याच्यात चरबी किती घालतात?

"कसली चरबी?"

"डुकराची."

पिएदादला आधी प्रश्नच कळेना. कळला तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. नारळाचा रस आटला की त्याचंच तेल सुटतं, ते तुकतुकीत दिसतं, हे तिने नीट समजावून सांगितलं. मॅन्युएलने बोटीवरून येऊन गोडात चरबी घातली असती तर त्याला आपण घरात घेतलं नसतं, असंही वर सांगितलं.

शेवंतीने डोळे मिटून वडी तोंडात घातली. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. पिएदाद घाबरली.

"इतकी वर्षां," शेवंती म्हणाली, "इतकी वर्षां ह्यां मी त्या गायीक घातलंय."

हे तिने इतक्या खऱ्या दुःखाने म्हटलं की पिएदादला राहवेना. तिने तिथल्या तिथे मोदकांचं, देवचारांचं आणि कोंबड्यांचं सगळं सांगून टाकलं.

ते ऐकून शेवंती ताडकन उठली. आत्तापर्यंत ती अपराधी होती. आता एकाएकी तिला रागवायचा हक्क मिळाला आणि तो तिने पुरेपूर वापरला. गाय ती गाय, तिच्या पोटात गेलेला दोदोल सत्कारणी लागला. पण गणपतीचे मोदक कोंबड्यांना? पिएदादचं म्हणणं, की फसवलं ते दोघींनी, त्यात लहानमोठं काय. भांडण रंगलं. संध्याकाळी ते अर्धवट राहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती ते पुरं करायला परत गेली, आणि भांडता भांडता दोन वड्या खाऊन आली. तिसऱ्या दिवशीही गेली. दोदोल संपला तेव्हा भांडणही संपलं.

जानकी ठरल्याप्रमाणे पहिल्याच सकाळी तपासायला आली होती. शेवंती तेव्हा मोगरीला शिव्या देत होती, त्याही अशा अस्सल मालवणीत की जानकी काही न विचारता निश्चिंत मनाने परतली.

पुढची चतुर्थी जवळ येऊ लागली तशी आता पिएदादची झोप उडाली. ती मालवणला पाद्रीबाबाकडे गेली. पाद्री म्हातारा होता, मूळ गोव्याचा, या किनाऱ्यावर फिरून फिरून मुरलेला. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की मोदक उकडलेले असतात की तळलेले. उकडलेले, असं कळल्यावर तो म्हणाला, की मग ते गरम असतानाच खा. शेजारणीने प्रेमाने दिलेलं खाण्यात त्याला काही पाप दिसेना. मात्र ते कोंबड्यांना घालून वर तोंडभर स्तुती केल्याबद्दल त्याने तिला भरपूर प्रार्थना म्हणायला लावल्या.

चतुर्थीला पिएदाद शेवंतीच्या स्वयंपाकघरात बसून मोदक जेवली. खात्री करून घ्यावी म्हणून डाव्या हातात जपमाळ धरली होती. जपमाळ जागच्या जागी राहिली. उजव्या हातातला मोदक मात्र एकदा निसटला, कारण तो फारच गरम होता. तिने किती खाल्ले ते शेवंतीने मोजलं नाही, पण कोंबडा कुंपणाशी उन्हात दिवसभर उभा होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही.

त्यानंतर शेवंती वाडीतली ख्रिस्ती धर्माची जाणकार झाली. बायका तिला शंका विचारत आणि ती ठणकावून उत्तरं देई, त्यातली निम्मी चुकीची. पिएदाद सकाळच्या मिशेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, उपाशीपोटी जाते हे तिने पाहिलं होतं. तेव्हा ख्रिस्ती लोकांचं सोवळं आपल्यापेक्षा कडक असतं, फक्त ते ओलेत्याने बसत नाहीत, असं ती सांगे. पाद्री लग्न करत नाही म्हणजे तो ब्रह्मचारी, आणि ब्रह्मचारी म्हणजे मारुतीच्या पंथाचा, हेही तिने ठरवून टाकलं होतं. पिएदादने एकदोनदा सुधारायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

गोव्याची हद्द बंद झाल्यापासून पिएदादला माहेर दिसलं नव्हतं. एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात ती निघाली. एकटीने जायचा धीर होईना, म्हणून शेवंतीला बरोबर घेतलं. रोझा आत्या तेव्हा चांगलीच म्हातारी झाली होती. भाचीबरोबर कपाळाला कुंकू लावलेली बाई बघून तिने आधी भाचीला आत नेऊन काहीतरी कुजबुजत विचारलं. मग जेवायला वाढलं. शेवंतीने माशाची आमटी बाजूला सरकवली. आपल्या घरचं हिला चालत नाही, असं वाटून आत्याचा चेहरा पडला.

"सोमार आज," शेवंती म्हणाली. "सोमारी मी माशाक हात लावणंय नाय."

आत्या म्हणाली, की आम्ही शुक्रवारी मांस खात नाही. मग शेवंतीने एकादशी सांगितली, आत्याने इस्टरच्या आधीचे मोठे उपास सांगितले. दोघींची अशी काही गट्टी जमली की पिएदादला माहेरी येऊन बोलायला कोणी उरलं नाही. संध्याकाळी आत्याने धीर करून विचारलं, की तुमच्या देवाबरोबर पंगतीला देवचार किती बसतात?

शेवंतीला राग आला नाही. तिने आठवून बघितलं. "माका तरी एक पण दिसूक नाय. गणपती येकटोच येता. एक उंदीर आसता, तो गरीब." आणि लगेच तिनेही आपली शंका काढली, ती झोपेतल्या पोर्तुगीजची. आत्या म्हणाली, की माझा नवरा जन्मभर पोर्तुगीज कचेरीत कारकून होता, पण झोपेत तो फक्त घोरायचा.

निघताना आत्याने शेवंतीला सांत आंतोन या ख्रिस्ती संताचं एक छोटं चित्र दिलं. झगा घातलेला साधू, कडेवर एक मूल. हरवलेली वस्तू हा शोधून देतो, एवढंच तिने सांगितलं. घरी आल्यावर शेवंतीला प्रश्न पडला. देवघरात ठेवावं तर आपल्या देवांना विचारलं नाही, आणि बाहेर ठेवावं तर पाहुण्याचा अपमान. शेवटी तिने ते चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी उभं केलं.

पावसाच्या तोंडावर भिकाजी घरी आला. जेवायला बसला तेव्हा त्याची नजर फळीवर गेली.

"हो कोण?"

"पिएदादच्या म्हायेरचो," शेवंती भात वाढत म्हणाली. "हरवलेला शोधून देता म्हणतत."

भिकाजी जेवता जेवता चित्राकडे बघत राहिला. जेवण झालं, त्याने हात धुतले, पंच्याला पुसले आणि फळीपुढे येऊन उभा राहिला. शेवंती दुसरीकडे बघते आहे अशी खात्री करून त्याने हलकेच हात जोडले.

"गलबताचो नांगर गेलो आसा," तो चित्राला म्हणाला. "हर्णैच्या बंदरासमोर. दोरी तुटली."