पस्तीस मिनिटं हवेतून, नऊ दिवस पायी

एकसष्ट साली माझं पोस्टिंग ईशान्य सरहद्दीवर, हवाई रसद पुरवणाऱ्या युनिटमध्ये होतं. रँक नाईक. डाकोटाच्या दारातून डोंगरातल्या पोस्टांवर शिधा ढकलायचा, हे काम. त्यासाठी विमानाचं दार काढूनच टाकलेलं असे.

आमच्या तळापासून पुढची धावपट्टी हवेतून पस्तीस मिनिटांवर होती. पायी नऊ दिवस, तेही वाट शाबूत असली तर.

त्या पट्टीजवळच्या पोस्टवर लान्स नाईक गणू होता. आम्ही दोघे रेवदंड्याचे, एकाच कोळीवाड्यातले. गस्तीवर असताना दरड कोसळून त्याचा पाय चिरडला. आम्ही उतरलो तेव्हा तो स्ट्रेचरवर होता. पाय काळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, आज इस्पितळात पोचला तर पाय जाईल, जीव राहील.

त्याच विमानाने एक मेजर बदलीवर निघाले होते. बरोबर पेट्या. कोरीव टेबलं, गालिचे. पट्टी आखूड, म्हणून पायलटने अर्ध्या पेट्या मागे ठेवायला सांगितल्या. स्ट्रेचर घ्यायचं तर आणखी दोन. मेजरनी अर्ध्या ठेवल्या. त्या दोन ठेवल्या नाहीत.

"साहेब, पेशंट सीरियस आहे," मी म्हणालो.

"स्ट्रेचर नेक्स्ट ट्रिपला. ऑर्डर समजली?"

"जी साहेब."

गणू मला म्हणाला, "जा तू. उद्या येशील नं?"

दुसऱ्या दिवशी ढग उतरले ते हलेनात. शेवटी पोस्टवरच्या जवानांनी स्ट्रेचर खांद्यावर घेतलं आणि ते पायी निघाले. अर्ध्या वाटेवरून वायरलेस आला, "पेशंट एक्सपायर्ड." मी जेवलो नाही, रडलोही नाही. हवामान उघडायची वाट बघत बसलो.

उघडलं. परतीच्या लोडमध्ये मेजरच्या उरलेल्या पेट्या होत्या. दरीवर आल्यावर माझ्या दोघा जवानांना मी पुढे बसवलं. शिक्षा एकालाच व्हायला हवी होती. दोर सोडले आणि एकेक पेटी दाराबाहेर लोटली. पॅराशूटशिवाय.

विमान हलकं झालेलं पायलटला कळलं. इंटरकॉमवर त्याने विचारलं, "मागे काय चाललंय?"

"ड्रॉप, सर."

"इथे कोणाला?"

"लान्स नाईक गणूला, सर."



चौकशीत मी सरळ सांगितलं, मीच टाकल्या. दंडावरच्या पट्ट्या गेल्या, कैद झाली. मेजरना मात्र कुणी काही विचारलं नाही. त्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

सुटल्यावर रजेवर रेवदंड्याला गेलो. गणूची आय बोंबील वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"सगल्या टाकल्यास?"

"अर्ध्या मेजरबरोबर आधीच गेल्या होत्या, मावशी, त्याच्या जागेवरच्या दोन त्यातच. बाकी सगल्या."

"बरा केलास," ती म्हणाली. मग विचारलं, "माज्या पोराला आग कोनी दिली?"

बरोबरच्या जवानांनी, मी सांगितलं. नदीकाठी, ओल्या लाकडांवर. स्ट्रेचरचे बांबूसुद्धा त्यांनी चितेवर ठेवले होते.